मोटार कलली असती तर

शांतूदादा,

पाळकसाहेब म्हणाले, प्रभूनं शांतवनला बोलावून घेतलं. मी दफनभूमीत उभी होते, ऊन तापलं होतं, आणि माझ्या मनात आलं, बोलावलं असेल तर तू लगेच उठून निघाला असशील. ‘थांबा जरा, माझं काम अर्धं राहिलंय,’ एवढं म्हणायचं तुला सुचलं नसेल. जन्मात कधी कुणाला नाही म्हणाला नाहीस, तिथं तरी कशाला म्हणशील?

मी रागावले आहे. आधीच सांगते, कारण बाकी कुणाला ते कळलेलं नाही. सव्वा महिना झाला, बायका येतात, डोक्यावरून हात फिरवतात, “रडून घ्या सिस्टरबाई, मोकळं वाटंल,” म्हणतात. मला रडू येत नाही. मला तुझ्या कानाखाली वाजवावीशी वाटते. तू थोरला भाऊ, तरीसुद्धा. पेशंटला लाजेनं दुखणं लपवताना मी रोज पाहते आणि रोज रागावते, पण तू पेशंट नव्हतास. नर्सचा भाऊ होतास. मी समोर उभी, आणि माझ्याशीच खोटं बोललास.

तेही एकदा नाही. दोनदा बोललास. पहिलं खोटं मी समजू शकते. दुसरं माझ्या गळ्यात बांधून गेलास, आणि मी ते वागवते आहे, म्हणून हे लिहिते आहे. हे कुणाला दाखवायचं नाही. तुझ्याशी भांडण अर्ध्यावर राहिलंय, ते मला पुरं करायचंय.

भांडण त्या मोटारीचं. मिशनचे गोरे डॉक्टर मायदेशी परतले तेव्हा आपल्या शिरूरच्या दवाखान्याला काय काय ठेवून गेले, त्यातली ती युद्धाआधीची अमेरिकन मोटार. बैलगाडीएवढी रुंद. गाद्या अशा मऊ की बसलं की माणूस आत बुडायचं. आणि वळण आलं की ती कलायची. दारू प्यालेला माणूस भिंत शोधत जावा तशी एका कुशीवर जायची, मग सावकाश दुसऱ्या. तू ड्रायव्हर, तूच मेकॅनिक. तू पुढं स्टेअरिंगला घट्ट धरून बसायचास, तुला काही वाटायचं नाही. मागं मी असायचे, मांडीवर कुणा बाईचं डोकं, पायाशी बादली. मांडवगणच्या बाजूची अडलेली बाई असली की दौंडच्या मोठ्या डॉक्टरांकडं न्यायची, आणि प्रत्येक वळणावर ती माझ्या मांडीवरून घसरायची आणि मी तिला ओढून घ्यायचे. पोचेपर्यंत माझे दंड भरून यायचे. तिचं काय होत असेल ते तिलाच ठाऊक.

तुला ते कळलं मांडी मोडलेल्या त्या म्हाताऱ्या बाबांमुळं. न्हावऱ्याच्या पुढच्या वळणावर मोटार कलली, बाबा सीटवरून खाली घसरले, आणि त्यांनी जी किंकाळी फोडली ती ऐकून तू गाडी थांबवलीस. खाली उतरलास आणि बांधावर डोकं धरून बसलास. मी ओरडले, “अरे चल ना!” तू वर बघून म्हणालास, “करुणे, हे रोज आसंच हुतं?” तुला तेव्हा कळलं. मला तुझा राग आला होता आणि त्याच वेळी मायाही दाटून आली होती. दोन्ही एकदम येणं ही तुझ्या बाबतीतली जुनीच गोष्ट.

दुसऱ्या दिवसापासून तू गाडीखाली. पोटावर पाय देऊन गेलं तरी बाहेर यायचा नाहीस. मग एकदा मला हाताला धरून खाली वाकवलंस आणि दाखवलंस. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये एक आडवा दांडा होता, करंगळीएवढा जाड, दोन्ही टोकं वळवून चाकांच्या बाजूला जोडलेली. “ह्यो बघ. एक अंग खाली जाया लागलं की ह्यो पिळतो आन् दुसऱ्या अंगालाबी संगं वढतो. म्हंजी दोन्ही अंगं बरुबर ऱ्हात्यात. जू हाय जू. एक बैल बसाया लागला तर दुसरा त्येला बसू देत न्हाई.” मग म्हणालास, करंगळीनं भागणार नाही, अंगठा पाहिजे. आणि मागच्या चाकांना तर जूच नाही, तिथंही पाहिजे.

झालं. तुझं वेड सुरू झालं. दौंडच्या स्टेशनामागं याकूबमामांची भट्टी. पेशंट दवाखान्यात पोचवला की तू तिकडं पळायचास. पहिला दांडा तुम्ही साध्या लोखंडाचा केलात. बसवला, न्हावऱ्याला जाऊन आलो, आणि दांडा पिळला तो पिळलेलाच राहिला. मोटार एका अंगावर कायमची वाकडी. बाजारपेठेतून आपण तशीच आलो आणि लोक उभे राहून बघत होते. मी हसून हसून बेजार. तू तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीस.

मग भंगारातलं स्प्रिंगचं पोलाद आणलंत. ते लालभडक तापवून, वाकवून तेलात सोडलंत, पुन्हा हलकंसं तापवलंत, आणि याकूबमामा म्हणाले, “अब पिळेगा और वापस आयेगा.” जुन्या टायरचं रबर कापून त्याच्या गादीवर दांडा बसवलास, म्हणजे तो वाजू नये. तरी वाजायचाच. कुरकुर करायचा. तू म्हणायचास, करुणेसारखा आहे, काम करतो पण बोलून दाखवतो.

आणि मग पेशंट म्हणून मला मागच्या सीटवर आडवी केलीस. आठवतं? दवाखान्याची सिस्टर भर दुपारी मोटारीत आडवी, आणि ड्रायव्हर न्हावऱ्याच्या वळणावर पुन्हा पुन्हा जातोय. बांधावरच्या बाया काम सोडून उभ्या राहिल्या. तू पुढून विचारायचास, “पेशंट, कसं वाटतंया?” मी म्हणायचे, “पेशंट मेला.” तू म्हणायचास, “मेलेला पेशंट घसरला का न्हाई, तेवढं सांगा.” नव्हता घसरला. मी जागची हलले नव्हते. मी उठून बसले आणि तुला सांगितलं, दादा, नाही हलले. तू रुमालानं मान पुसलीस आणि गाडी घराकडं वळवलीस.

हे मी विसरलेले नाही. रागाच्या भरात विसरणारही नाही. त्यानंतर त्या सीटवरून किती बाया गेल्या असतील. मांडवगणच्या एका बाईला वाटेत झोप लागली होती, कळांच्या मधल्या मधल्या वेळात. त्या मोटारीत माणूस झोपू शकतं हे मला माहीतच नव्हतं. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन तुझ्या मानेकडं बघत बसले होते, आणि मनात म्हटलं होतं, परमेश्वरा, या माणसाचं भलं कर. ते मोठ्यानं म्हणायला हवं होतं की काय कोण जाणे. तुला कौतुक केलेलं आवडायचं नाही, म्हणून नाही म्हटलं.

आता भांडणावर येते.

आपल्या भागात पेशंट एकटा जात नाही. एकटा पाठवला तर लोक काय म्हणतील? आई, सासू, चुलती, दीर, भाऊ, शेजारचा एखादा कळता माणूस, सगळे निघतात. प्रेम असतं, मान असतो, आणि ‘मी गेलो नव्हतो’ असं पुढं कुणी म्हणू नये ही धास्तीही असते. आत बायका दाटतात, बाप्ये दोन्हीकडच्या फूटबोर्डांवर उभे राहतात, टपावर बोचकी आणि त्यांच्यावर पोरंटोरं. पूर्वी एवढी माणसं चढली की मोटार एका अंगावर बसायची. तू फेरी मारून मडगार्डवर हात ठेवायचास आणि म्हणायचास, “कलली बघा. दोघं-तिघं उतरा.” आणि उतरायचे! कुरबूर न करता उतरायचे. कारण तू सांगितलं नव्हतंस, मोटारीनं सांगितलं होतं. तू सांगितलं असतंस तर मानपान निघाला असता, ‘मला उतरवला आन् त्येला बसवला’ झालं असतं. मोटारीशी कोण भांडणार? वर्षानुवर्षं हीच रीत. मोटार कलली म्हणजे भरली.

तू दांडा बसवलास आणि मोटार कलायची थांबली.

पहिल्यांदा ते घडलं तेव्हा मी आतच बसले होते. तू म्हणालास, “बास आता, लई झाली मान्सं.” पेशंटच्या माणसांनी वाकून चाकांकडं बघितलं. “कुठं कलली? सरळ तर हाय की, शांतवनराव!” आणि आणखी दोघं चढले. तू डोकं खाजवलंस आणि हसलास. ते तुझं हसणं! तुझी सगळी शरणागती त्या हसण्यात असायची.

त्या रात्री जेवताना मी म्हटलं, दांडा काढ. निदान मागचा तरी काढ. तू भाकरी मोडता मोडता थांबलास. “आन् पेशंट?”

“पेशंटला मी धरीन. पूर्वी धरत होतेच की.”

“करुणे, लोकांला कळत न्हाई म्हनून पेशंटनं का सोसायचं? त्यांचं त्यांना तोंडानं सांगू की.”

“कोण सांगणार? तू?”

“मी.”

“तुला नाही म्हणता येतं?”

“शिकतो,” म्हणालास, आणि पुन्हा तेच हसलास.

तुझं म्हणणं चूक नव्हतं. पेशंटनं का सोसायचं, याला माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. तू बरोबर होतास आणि मीही बरोबर होते, आणि मधे ती मोटार माणसांनी भरत होती. त्यानंतर हा विषय निघाला की तू ‘शिकतोय’ म्हणायचास. किती शिकलास ते मांडवगणला दिसलं.

तिथल्या सरूला आदल्या दिवसापासून कळा होत्या, बाळ खाली येईना. मी तपासलं आणि म्हटलं, दौंडला न्यायलाच हवी, आणि आत्ताच. तिचे सासरे, आबा, वाड्यावस्तीवरचं वजनदार माणूस, त्यांनी भराभर हुकूम सोडले. सासू बसली, चुलतसासू बसली. आबांचे दोन पुतणे फूटबोर्डावर. आबा स्वतः तुझ्या शेजारी. एवढ्यानंच पुरे झालं होतं. पण बातमी ऐकून राहू गावाहून सरूची माहेरची माणसं बैलगाडी जुंपून आली होती. तिची आई, मावशी, भाऊ भानुदास आणि त्याचा चुलतभाऊ. आई म्हणाली, “माझी लेक हाय, मी न्हाई जायाचं?” आबा समोर रस्त्याकडं बघत राहिले. पण सासरची एवढी माणसं बसलेली असताना माहेरच्यांना उतरवणं म्हणजे काय, ते तिथं सगळ्यांना कळत होतं. भानुदास पुढं झाला, मडगार्डपाशी वाकला आणि म्हणाला, “कलली न्हाई की. बसू द्या आमाला.”

मी आतून ओरडले, “दादा, नाही म्हण!”

तू माझ्याकडं बघितलंस. मग सरूच्या आईकडं बघितलंस. आणि दार उघडलंस.

त्या क्षणाचा राग मी मरेपर्यंत करणार. सांगून ठेवते.

ओढ्याच्या उतारावर मागचा कमानपाटा, म्हणजे सगळं ओझं पेलणारी स्प्रिंगची पट्टी, मोडला. बंदुकीसारखा आवाज झाला. मोटार कलली नाही, तेव्हाही नाही. सरळच्या सरळ रस्ता सोडून बाभळीवर गेली. फूटबोर्डावरचे शेतात फेकले गेले, मऊ ढेकळांत, खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. आत आम्ही बायका एकमेकींत दाटून बसलो होतो म्हणून वाचलो. सरू माझ्या मांडीवर होती आणि जागची हलली नव्हती. आबांच्या कपाळाला खोक पडली. आणि तुझ्या पोटात स्टेअरिंग घुसलं.

तू उतरलास. दोन पायांवर उभा राहिलास. मी सरूला सोडून तुझ्याकडं आले आणि तुझ्या पोटावर हात ठेवला. तू माझा हात धरून बाजूला केलास. “काय न्हाई. जरा लागलंया. तू पेशंट बघ.” घाम आला होता तुला, पण उन्हात सगळ्यांनाच आला होता. तेवढ्यात कांद्याचा ट्रक आला. सरूला, तिच्या आईला, सासूला आणि मला वर घेतलं. मी ओरडून विचारलं, “खरं सांग, दुखतंय का?” तू म्हणालास, “न्हाई गं. मी मोटारीपाशी थांबतो. जा तू.”

हे पहिलं खोटं. समजू शकते म्हटलं, कारण तुझ्या जागी मी असते तर कदाचित मीही तेच बोलले असते. ट्रकमधे एकच बाई आडवी होऊ शकत होती. तू हिशेब केलास आणि सरूला निवडलंस. पण दादा, निवडायचा हक्क माझाही होता. मी नर्स होते. तू मला निवडू दिलं नाहीस.

दौंडला चिमटे लावून सरूची सुटका केली. मुलगी झाली. आधीचीही मुलगीच. आई आणि बाळ दोघी जगल्या. मी हात धुवून बाहेर आले तर आबा दारात उभे, कपाळाला फडकं बांधलेलं. हातानं ते चाचपत राहिले. शेवटी म्हणाले, “बाई, शांतवनराव गेलं. बाभळीखाली पडलं हुतं, पानी मागितलं, आन् गेलं.” मग म्हणाले, “सोत्ता सांगत हुतं, दांड्यानं घात केला म्हनून. म्हनाले, माझाच दांडा, माझीच चूक, कुनाला बोल लावू नगा.”

मी ते ऐकलं आणि भिंतीला टेकून बसले. त्या वेळी मला खरं वाटलं. तुझं बोलणं आणि खोटं, ही सांगड मला घालताच येईना.

मग बैलांनी ओढून मोटार शिरूरला आणली. मी तुझ्या मातीवरून आले आणि तशीच गाडीखाली गेले. तूच शिकवलेलं होतंस, कुठं काय बघायचं ते. दोन्ही दांडे जागच्या जागी, सरळ, पकडीचे बोल्टसुद्धा हललेले नव्हते. मागचा पाटा मात्र मधोमध मोडला होता. ओझ्यानं मोडला होता. माझ्यासारखीला कळलं, तुला तर बाभळीखाली पडल्या पडल्या कळलं असणार. आवाजावरूनच कळलं असणार. दांड्याचा दोष एवढाच, की त्यानं काम चोख केलं.

मग खोटं का बोललास? मी आठ दिवस तळमळले. वाटलं, माणसांना वाईट वाटू नये म्हणून. ते खरंच, तुझ्या स्वभावाला धरूनच. पण मग दौंडच्या दवाखान्यातलं मला आठवलं. तुझी बातमी आबांनी अजून आत सांगितली नव्हती. फक्त मोटार झाडावर गेली एवढंच आत ठाऊक होतं, तेव्हा सरूची सासू खाटेपाशी उभी राहून म्हणत होती, “हिच्या म्हायेरच्यांनी गाडी भरली, न्हाईतर कशाला झालं आसतं आसं? आन् येवढं करून पोरगीच.” सरू भिंतीकडं तोंड करून पडली होती. मग आबा आत आले, तू गेल्याचं आणि तुझे शब्द त्यांनी सांगितले, तेव्हा सासू गप्प झाली. “दांड्याचंच म्हना मग,” म्हणाली. आणि त्यानंतर तो विषय त्या घरात निघाला नाही.

हे असंच होणार, ते तुला बाभळीखाली पडून कळलं होतं. ओझं म्हटलं की शेवटी कोण चढलं ते निघणार. भानुदास निघणार, सरूची आई निघणार. आणि मग जन्मभर सरूनं ऐकायचं, तुझ्या माणसांनी एक माणूस मारला, तोही पोरीपायी. पोटात रक्त साठत असताना तू हा विचार केलास. याबद्दल मी तुझ्या पाया पडेन, आणि याबद्दलच मला तुझा इतका राग येतो की रात्री दात खाते.

कारण तुझं चोख काम तू स्वतःच्या तोंडानं बुडवलंस. दवाखान्याच्या कमिटीचे सेक्रेटरी आता सगळ्यांना सांगतात, ड्रायव्हरनं परवानगीशिवाय गाडीत खटपट केली. दोन्ही दांडे काढून दवाखान्यामागं टाकलेत. याकूबमामा येऊन बघून गेले. शिरूरच्या बाजारात पोरं म्हणतात, ‘शांतवनचा दांडा’, म्हणजे शहाणपणा करून गळ्याशी आलेलं काम. तुझं नाव असं झालंय, दादा. बायांना न हलवता दौंडला नेणाऱ्या माणसाचं नाव. आणि खरं काय ते सांगू शकणारी एकटी मी. सांगितलं तर तुझं नाव धुतलं जातं आणि सरूचं घर बिघडतं. नाही सांगितलं तर सरू निभावते आणि तू मातीत. अशी गाठ मारून तू मोकळा झालास. विचारलंस मला? सव्वा महिना मी ठरवत होते की सांगणार. तुझ्या आठवणीची प्रार्थना होईल तेव्हा सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार. शब्द ठरवले होते.

आज दुपारी प्रार्थना झाली. अंगणात चटया टाकल्या होत्या. पाळकसाहेब होते, सेक्रेटरी होते. मांडवगणहून आबा आले, बाळंतपणाचा महिना उलटला म्हणून सरूही मुलीला घेऊन आली. राहूचा भानुदास आला होता, पण तो चटईवर बसला नाही, कुंपणापाशी उभा राहिला. प्रार्थना संपली आणि मी उठले. पाळकसाहेबांना वाटलं मी आभार मानणार.

मी बोलायच्या आत आबाच बोलले. फेटा सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “लई गुनाचा मानूस. आमच्या घरची दोन जीवं वाचवून गेला. कसं का हुईना, झालं ते दांड्यानंच झालं. व्हय ना, बाई?”

कुणी हललं नाही. भानुदास जमिनीकडं बघत होता. आबांचे पुतणे एकमेकांकडं बघत होते. आबांच्या कपाळावरची जखम भरली होती, पण डोळे माझ्यावर खिळले होते, आणि त्या डोळ्यांत मला दिसलं की त्यांना ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे. त्या मोटारीत बसलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. अज्ञान कुणाचंच नव्हतं. ते फक्त वाट बघत होते, मी काय म्हणते त्याची. मी खरं बोलले असते तर ते मोकळे झाले असते, आणि घरी जाऊन कुणावर मोकळे झाले असते ते मला कळत होतं.

सरू खांबाला टेकून उभी होती. मूल कुशीत घट्ट धरलेलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. कुणाकडंच बघत नव्हती. आता फटका बसणार, असं माहीत असलेलं माणूस जसं मान खाली घालून उभं राहतं, तशी उभी होती.

शांतूदादा, ‘नाही’ हा शब्द माझ्या तोंडात होता. मला तो म्हणता येतो. तुझ्यासारखी मी नाही. एकच शब्द, आणि तुझं काम, तुझा हात, तुझं नाव, सगळं परत उभं राहिलं असतं.

“व्हय आबा,” मी म्हटलं. “दांड्यानंच झालं.”

सरूनं तेवढ्यात मान वर केली. आबांनी डोळे मिटले. मी आत आले आणि दाराला कडी लावली. तेव्हा मला रडू आलं, सव्वा महिन्यानं पहिल्यांदा. तुझ्यासाठी नाही आलं. तू उभ्या आयुष्यात केलेलं एकच मोठं काम मी चारचौघांत खोटं पाडून आले होते, आणि ते मी राजीखुशीनं केलं होतं, म्हणून आलं.

तुला मी माफ केलेलं नाही.